कोळीच्या भाजीआधीचे तीन रविवार

मी प्रवासवर्णन लिहायला बसले आहे असं घरात सांगितलं, तेव्हा आमच्या ह्यांनी विचारलं, "कुठलं?" मी म्हटलं, बोरिवली, मुलुंड आणि गोरेगाव. त्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. घाटकोपरहून गोरेगावला जाणं ही त्यांच्या मते रोजची कटकट, तिला प्रवास कोण म्हणतं? लोक काश्मीरला जाऊन येतात आणि तिथल्या हॉटेलातल्या पनीरचं कौतुक सांगत बसतात, ते चालतं. मी मात्र माझ्याच शहरात जे पाहिलं, जे खाल्लं आणि खाण्यावरूनच एकदा जो घोटाळा करून ठेवला, तो सांगायचा नाही म्हणजे काय? मी लिहिणारच.

सुरुवात फिलोमिनाने केली. फिलोमिना माझी टेलिफोन ऑफिसातली मैत्रीण. टेबलाला टेबल लावून आम्ही अख्खी नोकरी काढली आणि एकाच वर्षी निवृत्त झालो. ती मरोळच्या जुन्या गावठाणातली, ईस्ट इंडियन कॅथलिक, घरात मराठी बोलणारी. मी मालवणची, पण जन्म घाटकोपरच्या चाळीतला. पावसाळा नुकता मार्गी लागला होता तेव्हा तिचा फोन आला. एक मुलगी लोकांना जंगलात फिरवते, कुठलं झाड पूर्वीपासून कशाला वापरतात ते सांगते, तीन रविवार आहेत, मी दोघींची नावं दिली आहेत. मला विचारायची तिची पद्धत नाहीच. घरी बसून गुडघे गंजतील, एवढं कारण तिने दिलं आणि फोन ठेवला.

बोरिवली

पहिल्या रविवारी नॅशनल पार्कच्या फाटकाशी आम्ही दहा-बाराजण जमलो. सगळे आपल्यासारखेच, सोसायटीतले, पाठीवर पिशव्या, हातात पाण्याच्या बाटल्या. आम्हाला नेणारी मुलगी रेश्मा. पंचविशीची, वारली, गोरेगावच्या जंगलातल्या पाड्यात जन्मलेली, वनस्पतिशास्त्रात पदवी घेतलेली. अंधेरीच्या एका लॅबमधली नोकरी सोडून तिने हे काम सुरू केलं होतं. आवाज खणखणीत. वर्गात शेवटच्या बाकावर झोपलेल्याला उठवेल असा.

तिने आधी दोन गोष्टी बजावल्या. इथलं पानही तोडायचं नाही, तसा कायदाच आहे. आणि तिने जे सांगितलं ते घरी जाऊन उकळून प्यायचं नाही. "मी डॉक्टर नाही. आमच्यात काय करत आले तेवढं मी सांगणार," असं म्हणून ती चालू लागली.

चालता चालता एका पांढऱ्या फुलांच्या झुडपाशी ती थांबली आणि मी लगेच तोंड घातलं, कारण तो कुडा होता. कुड्याचं पाळ, म्हणजे मूळ, उगाळून दिलेलं ज्या कोकणी माणसाने लहानपणी प्यायलं आहे तो त्याला विसरू शकत नाही. पोट बिघडलं की आई ते सहाणेवर उगाळायची आणि मी खाटेखाली लपायची. रेश्मा हसली. तिच्याकडेही तेच, फक्त ते सालीचं करतात, आणि लपायची जागा तिच्या घरी कणगीमागे होती. पुढे वाटेवर पडलेलं सागाचं एक कोवळं पान तिने उचललं आणि सगळ्यांना चोळायला दिलं. तळहात लालभडक झाले. फिलोमिनाने तो हात रुमालाला पुसला आणि मग रुमालासाठी हळहळत बसली.

उंबराखाली मात्र फिलोमिनाची वेळ आली. रेश्मा म्हणाली, आमच्या लग्नाच्या मांडवात उंबराची फांदी लागतेच. मी म्हटलं, आमच्याही मांडवाची मेढ उंबराचीच. त्यावर फिलोमिना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या गावठाणात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बँड लावून विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी नाचत-गात घरी आणतात. त्याला म्हणतात उंबराचं पाणी. विहीर बुजवून तिथे टॉवर झाला, म्हणून पुतणीच्या लग्नात तिने बँड सोसायटीच्या बागेतल्या नळावर नेला होता. वॉचमनला आधी काही कळेना, पण शेवटी तोही नाचला. वारली, मालवणी आणि ईस्ट इंडियन अशा आम्ही तिघी एका उंबराखाली उभ्या होतो आणि तिघींच्या लग्नांना तेच झाड लागत होतं. मला त्याचा फार अभिमान वाटला. का, ते सांगता येणार नाही, पण वाटला.

परत फिरताना रेश्माने तिसऱ्या रविवारची गोष्ट काढली. तो फेरफटका तिच्या स्वतःच्या पाड्यातून होता आणि तिथेच जेवण होतं. पाड्यातल्या वडीलधाऱ्यांनी त्या एकाच वेळेची परवानगी दिली होती. ते पाहणार होते, आणि मग तिने माणसं आणायची की नाही ते ठरवणार होते. मागच्या वर्षी दुसऱ्याच कुणाबरोबर आलेले काही हौशी लोक आठवड्याने पिशव्या घेऊन पुन्हा आले होते. त्यांनी पाड्यामागचे कंद उकरून नेले आणि न विचारता लोकांच्या चुलींचे फोटो काढले. तेव्हापासून पाड्याचा विश्वास उडाला होता.

"पाड्यानं नाही म्हटलं तर मी पुन्हा लॅबमध्ये," रेश्मा म्हणाली. "बोरिवलीत काय, कुणीपण फिरवेल. मला माझं घर दाखवायचंय."

म्हणून तिसऱ्या रविवारी फक्त पाणी आणि जेवायला थाळी आणायची, बाकी काहीही नाही, असं तिने सांगितलं. पाड्याचं नाव कुठे लिहायचं नाही, हेही. ते मी इथे पाळते आहे.

मुलुंड

दुसरा रविवार मुलुंडच्या बाजूच्या डोंगरात होता. इथली वाट चढाची आणि निसरडी. मी एकदा नीट बसकण मारली. पाठीमागून चिखलाने माखलेली मी उठले तेव्हा फिलोमिनाने मदतीचा हात देण्याआधी पोटभर हसून घेतलं. त्याची फेड लगेच झाली. शंभर पावलांच्या आत तिच्या बुटाचा तळ सुटला आणि जबड्यासारखा उघडमीट करू लागला.

रेश्माने वाटेवर कुणीतरी मोडून टाकलेली मुरुडशेंगेची फांदी शोधली. त्या शेंगा पिळवटलेल्या असतात, आपण बाळगुटीत उगाळतो त्याच. तिच्या सालीचा लांब पट्टा तिने सोलला, पिळला आणि बुटाभोवती गाठ मारली. पूर्वी गुरांची दावी याचीच करायचे, म्हणाली. फिलोमिना त्या बुटावर डोंगर उतरली, मुलुंडहून मरोळला गेली आणि दुसऱ्या दिवशी मासे आणायलाही तोच घालून गेली. मी विचारलं तर म्हणाली, "झकास चाललंय, कशाला सोडू?"

त्या दिवशी कारवी पाहिली. दर आठ वर्षांनी फुलणारी म्हणून तिच्या फुलांचे फोटो आपण सगळेच पाठवतो. रेश्माला फुलांपेक्षा काठ्यांचं कौतुक. तिचं घर कारवीच्या कुडाचं होतं, वरून शेणामातीचा गिलावा. गेल्या काही वर्षांत पुढची भिंत विटांची झाली, पण मागची तिच्या आईने बदलू दिली नाही. विटांच्या खोलीत उन्हाळ्यात आई झोपतच नाही, असं तिने सांगितलं. मला आमच्या मालवणच्या मांगराची, घरामागच्या मातीच्या खोपट्याची, आठवण आली. आम्ही तो पाडून स्लॅब टाकला आणि आता मे महिन्यात तिथे दोन पंखे लावूनही घामाघूम होतो.

परतीच्या वाटेवर रेश्मा झाडांपाशी थांबेनाशी झाली. तिसऱ्या रविवारची धास्ती तिच्या चेहऱ्यावर दिसत होती. मी तिला म्हटलं, आम्ही आहोत ना, तुझी मान खाली जाईल असं काही होणार नाही. हे वाक्य मी, मी स्वतः, उच्चारलं होतं.

गोरेगाव

आता घोटाळा.

कुणाच्या दारात रिकाम्या हाताने उभं राहायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आजाऱ्याला बघायला जाताना नारळ, बारशाला जाताना लाडू, काहीच नसेल तर घरची चार आमसुलं तरी कागदात बांधून न्यायची. आणि "काही आणू नका" असं कुणी म्हटलं की त्याचा अर्थ चांगलं काहीतरी आणा, असा आम्ही घेतो. शनिवारी संध्याकाळी घाटकोपर स्टेशनबाहेर एका बाईकडे फोडशीच्या ताज्या जुड्या दिसल्या. गवतासारखी लांब पानं, मुळाशी पांढरी, पावसात डोंगरावर उगवते ती. बाजारात तिला कुलू म्हणतात. मी ठरवलं, जंगलातल्या माणसांकडे जायचं तर त्यांची आवडती भाजी आपल्या पद्धतीने करून न्यावी. रात्री बसून एकेक पान साफ केलं, मधले जाड दांडे काढले, सकाळी मुगाची डाळ आणि ओलं खोबरं घालून भाजी केली. मोठा डबा भरला. वाटेत फिलोमिनाला वास आला तेव्हा तिने एवढंच विचारलं, काही न्यायचं नव्हतं ना? मी म्हटलं, तू गप्प बस.

पाड्यात शिरताना रेश्माने मागच्या वर्षीचे खड्डे दाखवले. अजून तसेच होते, पाण्याने भरलेले. मग तिने शिंदीच्या पात्यांचे झाडू, कुडाची भिंत, टाकळ्याचे पोपटी कोंब असं एकेक दाखवत आम्हाला नेलं. आमच्यातल्या एकानेही काडी तोडली नाही. फोटोही विचारून काढले. वाटेत मोठ्या आंब्याखाली एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते पाड्याचे भगत, म्हणजे देवाचं सगळं तेच पाहतात. सगळे त्यांना आजा म्हणत. उठून ते आमच्या मागून येऊ लागले. रेश्माचा आवाज त्या दिवशी बोरिवलीपेक्षाही खणखणीत होता, आणि मला वाटत होतं, पोरीने जिंकलं.

तिच्या घराच्या अंगणात तिची आई जमनीबाई आमची वाट पाहत होती. ठेंगणी, कमरेला पदर खोचलेला, नजर सरळ. आम्ही बसलो आणि मी मोठ्या तोऱ्यात डबा पुढे करून झाकण उघडलं. "फोडशी आणलीय, आमच्या मालवणी पद्धतीची," असंही वर सांगितलं.

जमनीबाईचा पुढे आलेला हात मागे गेला. रेश्मा पांढरीफटक पडली. आजा वळून भिंतीकडे पाहू लागले.

रेश्माने हळू आवाजात समजावलं. या भाजीला पाड्यात कोळी म्हणतात. पावसात ती उगवते, डोळ्यांसमोर असते, पण कुणी तिला हात लावत नाही. आजा दिवस ठरवतात, सगळी घरं मिळून ती आणतात, आधी हिरव्या देवाला दाखवतात आणि मगच पाडा खातो. त्या आधी ती कुणाच्या चुलीवर चढत नाही, दारातही येत नाही. तो दिवस अजून यायचा होता. आणि आजांना जे पाहायचं होतं ते नेमकं हेच होतं, की बाहेरची माणसं येतात ती कशी येतात.

"वाट लागली," फिलोमिना माझ्या कानाशी पुटपुटली.

रेश्माने सोडलेली नोकरी, तिची एवढी मेहनत, आणि तिच्या पायावर धोंडा टाकला तो मी, मान खाली जाऊ देणार नाही म्हणून सांगणाऱ्या बाईने. तिच्याकडे बघायची मला हिंमत होईना.

तेवढ्यात जमनीबाईने मला विचारलं, "तुमच्यात नवं आलं का लगेच खातात?"

मी म्हटलं, नाही. आणि मग बोलत सुटले. आमच्याकडे नवं बांधल्याशिवाय नव्या भाताचा दाणा तोंडात जात नाही. भाताची लोंबी, आंब्याचं पान, कुरडूचं फूल एकत्र बांधून दाराला लावायचं, देवाला दाखवायचं, मग भात. घाटकोपरच्या चाळीत आमच्याकडे शेत कुठलं? तरी वडील बाजारातून लोंब्या आणायचे आणि तोवर आई दुकानातला नवा तांदूळ डब्यात बंद ठेवायची. एकदा माझ्या भावाने चोरून लोंबीतले दाणे सोलून खाल्ले तर आईने त्याच्याकडून देवापुढे नाक घासून घेतलं होतं.

"मग तुला कळतंय," जमनीबाई म्हणाली.

कळत होतं. मी झाकण लावलं, उठले आणि आलो त्या वाटेने परत निघाले. पाडा संपतो तिथे, डांबरी रस्त्यापलीकडे एक कट्टा आहे. त्यावर डबा ठेवला. परत आले, अंगणातल्या पिंपाशी हात धुतले, तोंड धुतलं, चूळ भरली, कारण सकाळी मीठ बघायला मी भाजी चाखली होती, हेही आठवलं. तेही सांगून टाकलं. आजा पहिल्यांदा माझ्याकडे वळले आणि खाली बसले.

जेवण झालं. तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी, जवळ्याची चटणी. त्या चटणीसाठी मी मालवणी असूनही हार मानते. निघताना आजा रेश्माशी काहीतरी बोलले आणि आपल्या घराकडे गेले. रेश्माने सांगितलं, आजांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कोळीच्या दिवशी या दोघींना बोलाव, मग सांगतो, एवढंच म्हणाले.

जमनीबाई मला पोचवायला कट्ट्यापर्यंत आली. डब्याकडे बघून म्हणाली, "त्या दिवशी रिकाम्या हातानं ये."

पुन्हा गोरेगाव

मधले दिवस अवघड गेले. स्टेशनबाहेरची बाई रोज जुडी पुढे करायची आणि मी रोज मान हलवायची. ह्यांना फोडशी फार आवडते. त्यांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा वैतागले. मी म्हटलं, अजून दिवस आला नाही. आपण पाड्यात कधी राहायला गेलो, असं ते कुरकुरले, पण बाजारातून स्वतःही आणली नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझं इतकं ऐकल्याचं मला आठवत नाही.

रेश्माचा निरोप आला, कोळीचा दिवस बुधवारी ठरला होता. मी निघाले तेव्हा हातांचं काय करायचं तेच कळेना. पिशवी नाही, डबा नाही, पुडी नाही. फळवाल्याच्या गाडीसमोर माझे पाय आपोआप थांबले. मी मनाला दटावलं आणि पुढे गेले. फिलोमिना भेटली तीही तशीच, रिकामी. तिच्याकडे काही असेल म्हणून मी तिची पर्सही उघडून पाहिली. आत रुमाल होता, सागाच्या लाल डागाचा.

पाड्यात त्या दिवशी लगबग होती. बायका डोंगरावरून कोळीचे भारे घेऊन उतरत होत्या. आंब्याखाली तीन दगडांची मोठी चूल मांडली होती. सगळ्या घरांची भाजी एकाच भांड्यात. ना डाळ, ना खोबरं. मीठ, मिरची आणि वाफ. जमनीबाईने मला भाजी साफ करायला बसवलं. मी दांडे काढू लागले तेव्हा माझ्या हाताचा वेग तिने बघितला आणि आपल्या पुढ्यातला भाराही माझ्याकडे सरकवला. माझ्या मालवणी आईच्या नावाने मी तो भारा उपसला.

भाजी शिजली तेव्हा आजांनी पहिला वाटा सागाच्या पानावर घेऊन देवापुढे ठेवला. ते पुटपुटत होते, पाडा शांत होता. पलीकडून मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते आणि झाडांच्या वर एका नव्या इमारतीची क्रेन फिरत होती. त्या क्रेनवरच्या माणसाला खाली काय चाललंय ते दिसत असेल का, असं मला वाटलं. ज्या शहरात काहीही मागवलं तरी तासाभरात दारात येतं, त्याच शहराच्या मधोमध पाडाभर माणसं एका भाजीसाठी थांबून राहिली होती. हे माझं शहर आहे, आणि या शहराचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता.

मग सगळे पंगतीला बसू लागले. पानं मांडली गेली. मी आणि फिलोमिना कडेला उभ्या राहिलो. पाहुण्यांना कुठे बसवतात, बसवतात की नाही, काही माहीत नव्हतं. रेश्मा वाढायला भांडं घेऊन उभी होती. आजांनी अजून हो म्हटलेलं नव्हतं.

आजांनी पंगतीवरून नजर फिरवली. वाढायला सुरुवात झाली नव्हती, सगळे त्यांच्या शब्दाची वाट बघत होते. आजांनी हात वर केला आणि विचारलं, "रेश्माची माणसं बसली का?"

रेश्माने आमच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. फिलोमिनाने माझा हात घट्ट धरला.

आम्ही बसलो.